फरशीच्या खालचं अंगण

घर बांधून होतं, रंग लागतो, वास्तुशांत होते, आणि मागची पंधरा-वीस फुटांची जागा मात्र तशीच पडून राहते. तिथे उरलेली खडी असते, फुटक्या विटांचा ढीग असतो, पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल असतो. मग कधीतरी घरात ठरतं की मागे फरशी टाकून घेऊ. संध्याकाळी खुर्च्या टाकून बसता येईल, उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळवता येतील, मुलांना खेळायला स्वच्छ जागा होईल. लगेच त्या रविवारी सगळे फरशीच्या दुकानात जातात आणि तासभर रंग आणि डिझाइन पाहत बसतात.

फरशीची निवड हा या कामातला सगळ्यात शेवटचा आणि तुलनेने सोपा निर्णय आहे. परसातली फरसबंदी टिकणार की दोन पावसाळ्यांत खचणार, हे ठरतं ते फरशीच्या खालच्या फूट-दीड फुटात, आणि पडलेलं पाणी कुठे जाणार या एका प्रश्नाच्या उत्तरात. घराच्या आतली फरशी आणि उघड्यावरची फरशी यांच्यात हाच मोठा फरक आहे. आतल्या फरशीखाली जोत्याचा बंदिस्त भराव असतो आणि वर छप्पर असतं. बाहेरच्या फरशीला दर वर्षी ऊन, पाऊस आणि खालच्या मातीची हालचाल सोसायची असते. गवंडी तोच असला, तरी हे काम वेगळं आहे.

आधी पाण्याचा हिशोब करू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी जमतं. वीस बाय पंधरा फुटांचं, म्हणजे तीनशे चौरस फुटांचं अंगण हे साधारण २८ चौरस मीटर होतं. एखाद्या संध्याकाळी वळवाचा ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर तेवढ्या अंगणावर जवळजवळ १४०० लिटर पाणी पडतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीचा पाईप जर याच अंगणात सोडलेला असेल, तर आणखी साडेचार हजार लिटरच्या वर पाणी त्यात येतं. एवढं पाणी जिरायला किंवा वाहायला वाट नसेल, तर ते घराच्या पायाकडे जातं. म्हणून फरसबंदीची तयार पातळी जोत्याच्या ओल-रोधक थरापेक्षा किमान सहा इंच खाली हवी, आणि ढाळ घरापासून दूर हवा. मागच्या दाराशी पायरी उतरावी लागते म्हणून फरशी उंच करून उंबऱ्याला भिडवणारे मालक मी पाहिले आहेत. त्या घरांच्या मागच्या भिंतींना ओल येते, आतल्या रंगाचे पोपडे सुटतात, आणि दोष रंगाला दिला जातो. पायरी राहू द्यावी.

ढाळ किती द्यायचा, याला साठास एक हे प्रमाण चांगलं. म्हणजे पंधरा फुटांत तीन इंच. खुर्ची डगमगत नाही, चालताना जाणवत नाही आणि पाणी थांबत नाही. खडबडीत दगड असेल तर थोडा जास्त द्यावा, कारण दगडाच्या खोलगट भागांत पाणी अडतं. जुन्या वाड्यांमधले चौक नीट पाहा. चारी बाजूंच्या सोप्यांपेक्षा चौक खाली असतो, फरसबंदी एका कोपऱ्याकडे उतरत जाते आणि तिथे दगडी मोरी असते. बांधणाऱ्यांनी पाण्याची वाट आधी आखली आणि दगड नंतर बसवला.

ही पातळी मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याची पारदर्शक नळी, ज्याला सगळे लेव्हल पाईप म्हणतात, ती आजही या कामाला पुरते. नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाण्याची रेषा एकाच उंचीवर येते का ते बघायचं. येत नसेल तर नळीत कुठेतरी हवेचा बुडबुडा अडकला आहे. नळी हळूहळू उंचावत नेऊन तो काढायचा. मग एक माणूस घराच्या भिंतीशी, दुसरा टोकाच्या खुंटीशी. पाणी हलायचं थांबेपर्यंत दोघांनीही टोक स्थिर धरायचं आणि मग पेन्सिलीने खूण करायची. टोकाच्या खुंटीवर त्या खुणेखाली तीन इंचांवर दुसरी खूण करून दोरी ताणली, की तुमच्या अंगणाचा उतार हवेत उभा राहतो. काम संपेपर्यंत ही दोरी आणि या खुंट्या काढू देऊ नका. कोपरा काटकोनात आहे का हे पाहायला तीन-चार-पाचचा हिशोब वापरावा. कोपऱ्यापासून एका बाजूवर तीन फूट, दुसऱ्या बाजूवर चार फूट खूण करायची. त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर पाच फूट आलं, तर कोपरा बरोबर. जागा मोठी असेल तर सहा-आठ-दहा घ्यावं, चूक लवकर दिसते.

वाहून आलेलं पाणी शेवटी कुठे सोडायचं, हेही खणायच्या आधी ठरवावं. सगळ्यात चांगली जागा म्हणजे फुलझाडांचा वाफा किंवा हिरवळ. ती नसेल तर शोषखड्डा, पण घराच्या पायापासून किमान दहा फूट दूर. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये पावसाचं पाणी सोडू नये, मोठ्या पावसात तेच मैलापाणी उलटं येतं. शेजाऱ्याच्या हद्दीत सोडलेल्या पाण्याने किती पिढ्यांची भांडणं झाली आहेत, ते गावोगावी सांगता येईल. गच्चीचा पाईप मात्र फरशीवर मुळीच सोडू नका. त्याला फरशीखालून वेगळा पाईप टाकून बाहेर न्या.

आता मातीकडे येतो. महाराष्ट्रात या विषयाचा गाभा हाच आहे. मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडचा भाग, आणि पश्चिम महाराष्ट्रातले नदीकाठ यांवर काळी माती पसरली आहे. लाव्हापासून झालेला बेसाल्ट झिजून ही माती बनली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात, त्यामुळे माती फुगते. उन्हाळ्यात ते पाणी निघून जातं आणि तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला ही माती सोन्यासारखी, कारण ती ओल धरून ठेवते. तिच्यावर काही बांधणाऱ्याला तोच गुण जड जातो. फरशीखालची माती दर वर्षी वर-खाली होते, आणि सगळीकडे सारखी होत नाही. झाडाजवळ जास्त सुकते, नळाजवळ ओली राहते, घराच्या सावलीत वेगळीच वागते. चार इंचांचा कोबा केला तरी तो मधोमध चिरतो, याचं कारण हे.

आपली माती किती फुगते, हे घरी पाहता येतं. प्रयोगशाळेत होणारी ही चाचणी इतकी साधी आहे की प्रत्येक घरमालकाने ती करावी असं मला मनापासून वाटतं. फूटभर खालची माती काढा, वाळवा, कुटा आणि बारीक चाळणीने चाळा. खुणा असलेली दोन सारखी काचेची नळकांडी घ्या. औषधाच्या दुकानात किंवा शाळेला साहित्य पुरवणाऱ्याकडे मिळतात. दोन्हीत दहा-दहा ग्रॅम माती टाका. एकात शंभर मिलिलिटर पाणी ओता, दुसऱ्यात तेवढंच रॉकेल. ढवळून अडकलेली हवा जाऊ द्या आणि एक दिवस तसंच ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, ती नुसती तळाशी बसते. पाण्यातली फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्हींमधल्या मातीची उंची मोजा. रॉकेलमध्ये १० मिलिलिटरच्या खुणेला असलेली माती पाण्यात १५ च्या वर गेली असेल, तर ती पन्नास टक्क्यांहून जास्त फुगणारी आहे. रस्त्याच्या भरावात अशी माती वापरत नाहीत. तुमच्या अंगणाखालीही ती जशीच्या तशी ठेवू नये. रॉकेल वापरताना चुलीपासून आणि मुलांपासून दूर राहा, एवढं सांगायला हवं.

या मातीवर उपाय शोधण्याचं मोठं काम महाराष्ट्रातच झालं. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांचा प्रश्न हाती घेतला. मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यात अस्तर उखडून वर येत होतं. त्यांनी दाखवलं, की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा, म्हणजे आपल्याकडच्या चांगल्या मुरुमासारख्या मातीचा, पुरेसा जाड दाबलेला थर दिला तर खालच्या मातीचं फुगणं आवरलं जातं. कालव्यात हा थर साधारण मीटरभर जाडीचा असतो. परसातल्या फरशीला मीटरभर खणणं कुणाला परवडणार नाही. पण नऊ इंच ते एक फूट मुरूम दिला, तर हालचाल थांबत नसली तरी ती मंद आणि सगळीकडे सारखी होते. फरशीला एवढं पुरतं.

म्हणून काळ्या मातीत हिशोब असा धरा: नऊ इंच मुरूम, त्यावर चार इंच बारीक-जाड खडी आणि क्रशरची कच यांचं मिश्रण, त्यावर दीड इंच क्रश सँड, आणि वर दीड इंचाची फरशी. एकूण सोळा इंच. तीनशे चौरस फुटांना नऊ इंचांचा मुरूम सव्वादोन ब्रास लागतो, पण दाबल्यावर तो बसतो, म्हणून तीन ब्रास मागवावा. खडीमिश्रण एक ब्रासच्या थोडं वर. खणून निघालेली काळी माती फेकू नका, वाफ्यांना तिच्याइतकी चांगली माती विकत मिळणार नाही. जिथे मुळातच मुरूम किंवा मांजऱ्या खडक लागतो, तिथे एवढं खणायची गरज नाही. वरची सैल माती आणि मुळं काढून खडीच्या थराला सुरुवात करावी.

मुरूम बघून घ्यावा. ट्रकवाल्याने टाकलेला ढीग वरून लालसर-पिवळा दिसतो आणि आत निम्मी माती असते. ढिगाच्या मधोमध फावडं घालून बघा. मुठीत थोडा ओलसर मुरूम दाबा. लाडू वळला पाहिजे, पण हाताला चिकट चिखल लागता कामा नये. दाबतानाही ओलाव्याचं हेच माप. कोरडा मुरूम दाबून बसत नाही, चिंब ओला नुसता हलतो.

दाबणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. नऊ इंच मुरूम एकदम टाकून वरून धुम्मस मारला, तर वरचे तीन इंच घट्ट होतात आणि खालचे सहा सैल राहतात. पहिल्या पावसात तेच सहा इंच बसतात आणि फरशी खड्ड्यात जाते. म्हणून चार-पाच इंचांचा थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, दाबायचं, मग पुढचा. हातधुम्मस लहान जागेला चालतो. त्याहून मोठ्या जागेला प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने आणावा. भाडं वाचवण्याचा मोह होतो, पण हा पैसा वाचवू नये. थर बसला का हे कळायला टाच रोवून बघा. पूर्ण वजन टाकून टाच फिरवली आणि खूण उमटली नाही, तर पुढचा थर टाका. घराच्या भिंतीलगत आणि पाईपांवर यंत्र पोचत नाही, तिथे हाताने ठोकावंच लागतं. सगळ्यात आधी खचतात त्या याच जागा.

कोकणातलं गणित वेगळं. तिथली जांभ्याची लाल माती फुगत नाही, पाणी चटकन खाली सोडते. पण पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे तिथे प्रश्न खचण्याचा कमी आणि शेवाळाचा, धुपीचा जास्त. कोकणी घराचं खळं हे वर्षाला नवं करायचं अंगण होतं. पाऊस संपला की दसरा-दिवाळीच्या सुमाराला माती सारखी करून, पाणी शिंपून, चोपून, शेणाने सारवून ते तयार व्हायचं. त्यावर भात झोडलं जायचं, लग्नाचा मांडव पडायचा. पुढच्या पावसाने ते बिघडणार हे सगळ्यांना माहीत असायचं आणि त्यात कुणाला गैर वाटत नसे. जांभ्याच्या चिऱ्यांची फरसबंदी तिथे अजूनही उत्तम. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागून टणक होतो. सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो आणि उन्हात पाय भाजू देत नाही. सावलीत मात्र त्यावर शेवाळ धरतं, वर्षातून एकदा घासावा लागतो.

देशावर पहिली पसंती शहाबादी. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा चुनखडक. कोटा राजस्थानचा, तंदूर तेलंगणाचा, कडप्पा आंध्रचा, आणि हे सगळेच चुनखडकाच्या कुळातले. त्यामुळे यांच्यावर आम्ल चालत नाही. संडास साफ करायच्या अॅसिडने बाहेरची फरशी धुण्याची पद्धत आहे, ती दगड खाते. अगदी लिंबाचा रससुद्धा घोटलेल्या कडप्प्यावर पांढरा डाग पाडतो. बाहेर घोटलेली फरशी घेऊच नये. पावसात तिच्यावरून घरातली वयस्कर माणसं घसरतात आणि खुब्याचं हाड मोडतं. नैसर्गिक खडबडीत बाजू वर ठेवून शहाबादी बसवावी. कडप्पा काळा असल्याने मे महिन्यात तापतो, काही वर्षांत त्याचा रंग उडतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून बाहेरच्या बसायच्या जागेला मी तो सुचवणार नाही. आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट टाकीने घडवून मिळत असेल, तर त्याच्यासारखा टिकाऊ दगड नाही. घडवणारे पाथरवट मात्र आता कमी होत चालले आहेत. त्यांना काम देणं हेही एक चांगलं कारण आहे.

पेव्हर ब्लॉकला नाकं मुरडली जातात, मला तसं वाटत नाही. ब्लॉक चांगला असेल तर तो उत्तम पर्याय आहे. भारतीय मानक आयएस १५६५८ मध्ये वापरानुसार जाडी आणि ताकद दिली आहे. नुसतं चालायचं असेल तर ५० मिलिमीटर, हलक्या वाहतुकीला ६०, आणि त्याहून जास्त वर्दळीला ८०. मागच्या अंगणाला साठचा घ्यावा. ब्लॉकची ताकद नुसती त्याच्या सिमेंटात नसते. दोन ब्लॉकांमधल्या दोन-चार मिलिमीटरच्या फटीत बारीक कोरडी रेती पूर्ण भरली, की एका ब्लॉकवरचा भार आजूबाजूच्यांवर जातो. रेती झाडून भरायची, कॉम्पॅक्टर फिरवायचा, रेती खाली बसते, पुन्हा भरायची. पहिल्या पावसानंतर आणखी एकदा. बहुतेक कंत्राटदार एकदाच भरून निघून जातात.

दगड असो की ब्लॉक, कडेची अडवण नसेल तर सगळं व्यर्थ. बाहेरची रांग हळूहळू बाहेर सरकते, तिच्यामागे दुसरी, आणि फटी उघडतात. कडेला काँक्रीटमध्ये रोवलेला उभा दगड किंवा कर्ब आधी बसवा आणि मग आतली फरशी भरा. आणि खालच्या क्रश सँडच्या थराने पातळीतल्या चुका भरून काढू नका. कुठे एक इंच, कुठे तीन इंच रेती असली, तर ती वेगवेगळी बसते. पातळी खडीच्या थरातच यायला हवी.

इथे गवंड्याशी वाद होतो. तो म्हणतो, खाली काँक्रीट टाका, वर सिमेंटमध्ये फरशी बसवा, दर्जा पक्क्या भरा, एकदाच काम. मुरमाड जमिनीवर ते चालतं. दर दहा फुटांवर आणि घराच्या भिंतीशी सांधा सोडला, तर चांगलंही होतं. पण काळ्या मातीवर आणि घरमालकाच्या अंगणाला मी रेतीवरची, उघड्या सांध्यांची फरसबंदीच सुचवीन. ती कुठे खचली तर चार फरशा उचलायच्या, खाली कच भरायची, परत बसवायच्या. नळ फुटला तरी तेच. शिवाय त्या सांध्यांतून थोडं पाणी जमिनीत मुरतं. जिथे विहिरी आणि बोअर दर उन्हाळ्यात आटतात, तिथे घराभोवतीची प्रत्येक फूट जमीन सिमेंटने बंद करणं मला योग्य वाटत नाही.

झाडांच्या बाबतीत तर हे फार जपावं. झाडाची पाणी आणि हवा घेणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या फूट-दीड फुटातच असतात, नेमकी आपण खणतो आणि झाकतो तिथे. दिल्लीत झाडांच्या बुंध्याभोवती काँक्रीट केल्याने झाडं वठू लागली, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला. आपल्या परसातल्या आंब्याला, कढीलिंबाला तेवढा तरी गोल उघडा ठेवा, मोठ्या झाडाला त्याहून जास्त. जाड मुळं तोडून फरशी सपाट करण्यापेक्षा फरशीची कड वळवून घ्यावी.

खणलेलं असतानाच आणखी काही गोष्टी उरकाव्यात. दोन इंची पीव्हीसीचे एक-दोन रिकामे पाईप आडवे टाकून, टोकं बंद करून ठेवा. उद्या दिवा, पंप किंवा नळ हवा झाला तर फरशी फोडावी लागत नाही. ड्रेनेजचं चेंबर फरशीखाली गाडू नका. अर्थिंगच्या खड्ड्यालाही झाकण ठेवा, उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे आणि जुनी मुळं खड्ड्यात राहू देऊ नका. ती कुजून पोकळी होते आणि वाळवीलाही निमंत्रण मिळतं.

हे काम कधी काढायचं, याचंही उत्तर मातीतच आहे. मे महिन्यात माती पूर्ण सुकून आकसलेली असते. तेव्हा बांधलं, तर जूनमध्ये ती जास्तीत जास्त फुगते. पावसाळ्यात दाबलं जात नाही. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत ओल मध्यम असते, मजूर मिळतात, ऊनही सोसवतं. त्याआधीचा पावसाळा मात्र वाया घालवू नका. छत्री घेऊन मागे उभे राहा, पाणी कुठून येतं, कुठे साचतं, किती वेळ थांबतं ते पाहा आणि तिथे खुंट्या ठोका. कंत्राटदार भाव सांगायला आला की त्याला त्या खुंट्या दाखवा आणि तीन प्रश्न विचारा: किती खणणार, किती थरांत दाबणार, आणि पाणी कुठे काढणार. जो या तिन्हींची उत्तरं फुटा-इंचात कागदावर लिहून देईल, त्यालाच काम द्या, त्याचा भाव थोडा जास्त असला तरी.